मुठीएवढं खळं

माझ्याकडे एक वही आहे. शंभर पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली, कॉलेजसमोरच्या दुकानातून घेतलेली. तिच्यात एका हंगामाच्या संध्याकाळी आहेत. तारीख, बाबांनी दिव्याभोवती पाहिलेलं खळं, त्याचं माप आणि शेवटी शेरा. अक्षर माझं, अगदी टापटीप, आणि त्या टापटिपीचाच मला राग येतो. त्या आठ-नऊ महिन्यांत माझ्या वडिलांचे डोळे जात होते आणि मी शेजारी बसून ते नोंदवत होते.

नीट पहिल्यापासून सांगते. अर्धवट ऐकलेले लोक मला "बिचारी" म्हणतात, ते मला खपत नाही.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. आई गेली तेव्हा मी दूरच्या शहरात एका संशोधन संस्थेत होते आणि पीएच.डी. अर्ध्यावर आली होती. तुमसरला बाबा एकटे राहिले. ते राइस मिलमध्ये मिस्त्री होते. पट्टे, बेअरिंगं, धान सडायचा हलर, सगळ्या मशिनी त्यांच्याच हाताला ओळखत. सुट्टीत येऊन पाहिलं तर हा माणूस स्वतःपुरता भात शिजवत होता आणि तोही करपवत होता, तांदळाच्या गावात राहून. तेवढ्यात गावातल्याच कॉलेजात फिजिक्सची जागा निघाली. मी आले. माझे मार्गदर्शक भले होते. म्हणाले, तिकडूनच काम कर, आपण पोस्टानं करू.

पोस्टानं काम म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. कॉम्प्युटर त्या शहरात. मी इथे चौकटी आखलेल्या कागदांवर एकेका घरात एकेक अक्षर असा प्रोग्राम लिहायची आणि पाकीट टाकायची. तिथली एक मैत्रीण तो मशीनवर चढवायची. तीन आठवड्यांनी निकालाचा जाडजूड गठ्ठा यायचा आणि बहुतेक वेळा त्यावर एवढंच असायचं की अमुक ओळीत स्वल्पविराम राहिला. एका स्वल्पविरामाला तीन आठवडे.

विषय सांगितला की लोक आधी हसत आणि मग धानाच्या भावावर येत. तरी सांगते, फार अवघड नाही. काही तारे क्ष-किरण फेकतात; दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तेच किरण. तारा आणि आपण यांच्यामधली पोकळी अगदीच पोकळ नसते. तिच्यात धूळ असते, फार विरळ आणि फार बारीक, काही कण काजळीच्या जातीचे, काही वाळूच्या. त्या कणांजवळून जाताना थोडे किरण किंचित वळतात आणि मग ताऱ्याभोवती एक फिकट खळं दिसतं, चंद्राला पडतं तसं. आपल्या डोळ्यांना नाही दिसत, उपग्रहावरच्या दुर्बिणीला दिसतं. माझं काम कागदावरचं. धूळ आपण पसरायची, कण एवढे धरायचे, अमुक ठिकाणी धरायचे, आणि खळं कसं पडेल ते गणितानं काढायचं. मग ते दुर्बिणीनं मोजलेल्या खळ्यावर ठेवून बघायचं. बसलं तर धूळ तशी आहे. नाही बसलं तर पुन्हा पसरा.

माझं बसत नव्हतं. मोजलेलं खळं माझ्या खळ्याहून ऐसपैस होतं. कण लहान तर खळं मोठं, हा नियम. म्हणून मी कण लहान करत गेले, करत गेले, शेवटी मार्गदर्शकांचं पत्र आलं की एवढी बारीक धूळ असती तर ताऱ्यांचा साधा उजेडसुद्धा वेगळा दिसला असता. पत्र बरोबर होतं. मी ते चुरगाळलं आणि मग पुन्हा सरळ करून फायलीला लावलं.

स्टाफरूममध्ये मला "धुळीच्या मॅडम" म्हणत. त्याचं वाईट वाटत नसे, निदान कोणी काही म्हणत तरी होतं. घरी तेवढंही नव्हतं. आई होती तोवर आम्ही दोघंही तिच्याशी बोलायचो. ती गेल्यावर कळलं की बाप-लेक एकमेकांशी असे कधी बोललोच नव्हतो. बाबा दिवेलागणीला यायचे, पाय धुवायचे, बुद्धाच्या फोटोपुढे हात जोडायचे. "जेवली?" "जेवते." संपला संवाद. मग ते ओसरीतल्या खाटेवर, मी माझ्या खोलीत. मी फार एकटी होते तेव्हा. तेही होते, पण ते माझ्या ध्यानात यायला उशीर झाला.

दिवाळी उलटून मिल सुरू झाली होती. एके दिवशी जेवताना बाबा सहज म्हणाले, "आज हलरवरच्या बलबाले खळं पडलं होतं."

माझा घास हातातच राहिला. "कसं खळं?"

"गोल. आतून निळं, भाईरून लालसर. चंद्राले पडते तसं."

मी ताटातच सुरू केलं. वरणाची वाटी म्हणजे बल्ब, भाताची शितं म्हणजे हवेतला कोंडा, मिरची म्हणजे बाबा. उजेड कणाशी कसा वळतो, वळून कसा येतो, गोल का दिसतो, निळं आत आणि लाल बाहेर का. ते खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, कंटाळले. मग मान वर करून म्हणाले, "म्हंजे कोंडा बारीक असन त खळं मोठं पडन?"

बी.एस्सी.ला शिकवताना हे वाक्य मला कोणी कधी दिलं नव्हतं. मी खरकट्या हातानं उठले आणि कोरी वही आणली.

माप घ्यायची रीत मीच शिकवली. हात सरळ ताणायचा, मूठ वळायची, एक डोळा मिटायचा. बल्बपासून खळ्याच्या कडेपर्यंत किती मुठी? हात लांब तशी मूठही मोठी, म्हणून हे माप सगळ्यांचं जवळजवळ सारखंच येतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री उत्तर घेऊन आले: "एक मूठ. बोटभर कमी." मी गणित मांडलं. कणाचा आकार आला मिलीमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. बारीक कोंड्याची धूळ तेवढी असू शकते. जुळलं! आणि गणित जुळलं की मला दुसरं काही सुचत नाही, हा माझा जुनाच रोग.

तेव्हापासून रोजचं झालं. पाय धुऊन ते खाटेवर बसत, मी वही घेऊन स्टुलावर. मी म्हणायची, "बोला मिस्त्री." ते म्हणत, "लिवा मॅडम." नव्या धानाच्या दिवशी एवढं, जुन्या धानाच्या दिवशी तेवढं. पाच मिनिटांत नोंद संपायची आणि बोलणं पुढे चालू राहायचं. आईला पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा बैलगाडीचं चाक निखळलं होतं, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं. मूळ गावची, एकोडीची शेती काकांवर सोडून ते तुमसरला का आले, हेही. चिखलात पाय रुतून राहायचा त्यांना कंटाळा होता आणि मशिनीचा आवाज आवडायचा, बस, एवढंच कारण. मी तोवर उगाच काही थोर कारण धरून बसले होते.

एकदा मी त्यांना आमच्या शास्त्रातली गंमत सांगितली. वळून आलेले किरण लांबच्या वाटेनं येतात म्हणून उशिरा पोचतात. तारा विझला तरी त्याचं खळं काही काळ दिसत राहतं. बाबा खूश झाले. "नवरदेव गेला तरी मांडवात मानसं बसून राह्यतात, तसं," म्हणाले.

शेऱ्याच्या रकान्यात मी काय काय लिहिलंय ते वाचवत नाही. "डोके दुखले. मशीनचा आवाज." "डोके दुखले. बाम लावला." "आज चंद्रालाही खळे, असे बाबा म्हणतात. मला दिसले नाही. पातळ ढग असावेत." "जेवताना पाण्याचा तांब्या सांडला." तो तांब्या डावीकडे होता. मी तेव्हा हसून म्हटलं होतं, म्हातारे झाले मिस्त्री.

एकदा स्वतः मिलमध्ये जाऊन पाहिलं. हलरवरचा बल्ब कोंड्याच्या धुरळ्यात मळकट उजळलेला दिसला, पण रंग नाहीत, गोल नाही. पोती उचलणारा एक हमाल म्हणाला, "आमालेई काई दिसत नाई बाई. मिस्त्रीची नजर तेज." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनी माझ्या चष्म्याकडे बोट केलं आणि मीही दोष चष्म्याला दिला. घरी ट्यूबलाइट होती. त्या लांबड्या दिव्याला कसलं खळं पडणार, म्हणून घरी बघायचा प्रश्नच नव्हता. चार माणसांना न दिसणारी गोष्ट एकाला दिसते, याचा सरळ अर्थ शाळेतल्या पोरानंही लावला असता. मी पीएच.डी. करत होते.

संक्रांतीनंतर मी त्यांना एक नवा प्रयोग दिला. धूळ बल्बजवळ असेल तर तुम्ही लांब जाल तसं खळं लहान होईल; धूळ तुमच्याजवळ असेल तर कितीही लांब जा, ते तेवढंच राहील. बाबांनी हलरखाली उभं राहून मूठ धरली, फाटकातून धरली, रस्ता ओलांडून पानठेल्यापाशी जाऊन धरली. संध्याकाळी सांगितलं, "कुटूनई पाय, मूठ ते मूठ."

मी लिहिलं: "खळे सर्व अंतरांवरून सारखे. म्हणजे कण पाहणाऱ्याजवळ." खाली दोन रेघा ओढल्या. कोंडा सगळ्या आवारात उडतो, तेव्हा ठीकच आहे, असं स्वतःला समजावलं. बाबा तेवढ्यात म्हणाले, "आमच्या एकोडीले म्हनतच न, दूर खळं जवळ पानी, जवळ खळं दूर पानी." चंद्राचं खळं मोठं, लांबवर पडलेलं असलं तर पाऊस जवळ आला, असा त्याचा अर्थ. धानवाले त्यावर रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा, अंदाज बांधतात.

मी त्या दोन रेघांकडे बघत राहिले आणि माझ्या ताऱ्याचं कोडं एकदम सुटलं. खळं ऐसपैस दिसलं की मी कण लहान करत होते. धूळ वाटभर सारखी पसरलेली आहे हे मी धरूनच चालले होते. त्यातली थोडी आपल्याजवळ आणून ठेवली तर? कण लहान न करताही खळं रुंदावेल. त्या आठवड्यात नवे कागद भरले आणि पाकीट टाकलं. फाल्गुनात गठ्ठा आला. मोजलेले ठिपके आणि माझी रेघ, एकावर एक. मार्गदर्शकांनी लिहिलं, "बसलं. आता प्रबंध लिहायला घे." मी बाजारातून जिलबी आणली. बाबांनी अर्धी मिलमध्ये वाटली. पोरीचं खळं बसलं म्हणून सांगितलं असणार. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला आहे, आणि तो खोटा नव्हता, हेही लिहून ठेवते.

उन्हाळा गेला. पावसाळ्यात मिल बंद झाली. रोवणी आटोपल्यावर आम्ही दोघं एकोडीला काकांकडे गेलो. दिवसभर पाऊस पडून संध्याकाळी उघडलं होतं. हवा धुतलेली, तलावापलीकडचं झाडन्‌झाड वेगळं दिसत होतं. लाइट गेली होती. काकूनं ओसरीच्या आढ्याला कंदील टांगला. बाबांनी सवयीनं उजवा डोळा मिटला, हात ताणला, मूठ वळली.

"लिव पोरी. एक मूठ पुरी."

वही पिशवीतच होती. मी हसत काढायला गेले आणि हात तिथेच थांबला. इथे मिल नव्हती. कोंडा नव्हता. धुळीचा कण हवेत राहील असा दिवसच नव्हता. मी वर बघितलं. बाबांची मूठ कंदिलाकडे नव्हती, खांबाकडे होती. कंदील तिथून चांगला हातभर बाजूला होता.

मी त्यांच्या पुढ्यात गेले. त्यांचा उजवा डोळा मिटलेलाच होता. मी त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे बोटं उभी धरली. "बाबा, किती?"

त्यांची ताणलेली मूठ खाली आली.

"बाबा, किती बोटं?"

"अंधार हाये न बाई," ते म्हणाले.

सकाळच्या बसनं भंडाऱ्याला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो, बुबुळावरच्या काचेत पाणी शिरतं आणि दिव्याभोवती रंगीत गोल दिसतात. संध्याकाळी, अंधुक उजेडात जास्त. सोबत डोकं दुखतं. डावा डोळा गेल्यात जमा होता. उजव्याची बरीच नजर गेली होती, उरलेली ऑपरेशन करून टिकवता येण्यासारखी होती. गेलेली परत येत नाही. डॉक्टर समजावून सांगत होते आणि मला त्यातलं प्रत्येक वाक्य आधीच पाठ होतं. निळं आत, लाल बाहेर.

"गोल दिसायला लागले तेव्हाच यायचं," ते म्हणाले. "कधीपासून दिसतात?"

"पोरीच्या वहीत हाये सारं," बाबा म्हणाले. अभिमानानं म्हणाले; आमच्यात देवाशपथ म्हणत नाहीत, पण खरंच अभिमानानं.

डॉक्टरांनी वही चाळली. आधी भुवया वर गेल्या. इतका नीट नोंदवलेला रोगी त्यांनी पाहिला नसेल. मग बोट शेऱ्याच्या रकान्यावरून खाली खाली गेलं. त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात परत दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

बसमध्ये मी ते दोन रेघांचं पान उघडलं. कण पाहणाऱ्याजवळ. निष्कर्ष अचूक होता. जे खळं बल्बपासून कितीही लांब गेलं तरी तेवढंच राहतं, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यातच असतं, याहून जवळ काय असणार? कित्येक प्रकाशवर्षांच्या पलीकडची धूळ मी त्या वाक्यानं जागेवर बसवली होती आणि हातभर अंतरावरचा बाप मला दिसला नव्हता.

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यात दाराच्या फटीएवढी नजर उरली. दार, ताट, माझी आकृती, एवढं दिसायचं. मिल सुटली. मालकांनी नवा मिस्त्री ठेवला आणि तो अडला की बाबांना रिक्षात घालून नेत. बाबा कान देऊन सांगत की कुठलं बेअरिंग गेलंय. माझा प्रबंध पुढच्या उन्हाळ्यात बांधून आला. त्यातल्या चौथ्या प्रकरणाची सगळ्यांनी तारीफ केली. जवळच्या धुळीचं प्रकरण. मी तो ट्रंकेत तळाशी ठेवला.

आणि घर पुन्हा गप्प झालं. दिवेलागणी झाली की मला तोंड दाखवायची लाज वाटे. "जेवले?" "जेवलो." मी खोलीत, ते खाटेवर. असे किती महिने गेले असतील, मी मोजले नाहीत. मोजण्याची मला शिसारी आली होती.

शेवटी एका संध्याकाळी मीच फुटले. त्यांच्यापुढे ताट ठेवता ठेवता म्हणाले, "बाबा, मला कळायला पाहिजे होतं. मी रोज लिहीत होते आणि मला कळलं नाही. एकोडीला तुम्ही खळं सांगितलं नसतं तर अजूनही कळलं नसतं."

बाबांनी ताट चाचपलं, भात कुठे आणि भाजी कुठे ते पाहिलं. मग म्हणाले, "एकोडीले खळं नव्हतंच."

"म्हणजे?"

"उनाळ्यापासूनच नव्हतं. डाव्या डोळ्यानं बलबच दिसत नव्हता, त खळं कायचं? मी असंच सांगो. कधी एक मूठ, कधी बोटभर कमी."

"काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. ती बोली मी शिक्षण झाल्यापासून घरातही बोलत नव्हते.

"खळं सांगतलं का तू वही घेऊन बसस. मंग दोन गोष्टी बोलस, हासस. नाई सांगतलं त तू तुया खोलीत, मी माया खाटेवर." त्यांच्या ओठांवर तो मिस्त्रीचा मिश्किलपणा आला. "अन् तूच त सांगतलं होतं, तारा इझला तरी खळं काई दिवस राह्यते म्हनून."

मी रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते. बाबा जेवायचे थांबले, माझं डोकं शोधून त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, भात निवून राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तशी मी स्टूल उचलून त्यांच्या खाटेशी नेलं. हातात काही नव्हतं. "बोला मिस्त्री," मी म्हटलं.

"लिवा मॅडम," ते म्हणाले, आणि आईच्या गावच्या त्या निखळलेल्या चाकाची गोष्ट त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.